सेवाखंड

"बाहेर जा आणि पुन्हा आत ये," अप्पा म्हणाले.

मी हॉलच्या दारात लॅपटॉप घेऊन उभी होते. समोर आमचं जेवणाचं टेबल. त्यावरचं प्लास्टिक काढून अप्पांनी धुतलेली चादर अंथरली होती. मध्ये पाण्याचा तांब्या ठेवला होता आणि पलीकडे तीन खुर्च्यांवर तीन परीक्षक बसले होते.

"अप्पा, मुलाखत लॅपटॉपवर व्हायची आहे. तिथे दार नसतं."

"दार नसलं म्हणून काय झालं? आत येण्याची पद्धत असते. जा."

मी बाहेर गेले. जिन्यात शेजारच्यांचं मांजर पाय चाटत बसलं होतं. त्याच्यासमोर मी एक लांब श्वास घेतला, दारावर टकटक केली आणि विचारलं, "मे आय कम इन, सर?"

"आणि मॅडम," आतून सौदागर बाईंचा आवाज आला. "इथे एक मॅडमपण बसल्यात म्हटलं."

अप्पा म्हणजे माझे सासरे, भास्करराव देवरे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. सौदागर बाई आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायच्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण घंटा वाजल्यासारख्या वेळेवर उठायच्या आणि वेळेवर रागवायच्या. तिसरे गुंजाळ काका. त्यांनी जन्मभर विमा विकला. समोरच्याच्या चेहऱ्यावरून तो किती वर्षं जगेल हे आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. या तिघांना कॉम्प्युटरमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. मला सॉफ्टवेअर इंजिनिअरची नोकरी मिळवून द्यायचा विडा मात्र त्यांनी उचलला होता.

लॉकडाऊन नुकतंच सरलं होतं. कंपन्या घरबसल्या कामाला माणसं घेत होत्या. कोण हैदराबादचं, कोण नाशिकचं, याला फारसा अर्थ उरला नव्हता. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण फोनवर म्हणाली, "तू बसलीयेस कशाला? आता तर घरातून उठायचंही काम नाही." नऊ वर्षांपूर्वी, रेवाच्या जन्माच्या वेळी, माझी नोकरी सुटली ती सुटली. मधल्या काळात मी रेवाला वाढवलं, सासूबाईंचं शेवटचं आजारपण काढलं, कुणी विचारलंच तर "सध्या घरीच असते" असं सांगायला शिकले. ‘सध्या’ हा शब्द नऊ वर्षं टिकतो, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

एका संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, "मी पुन्हा नोकरी शोधतेय."

माझा नवरा तुषार म्हणाला, "बघ, जमलं तर चांगलंच आहे." त्याच्या कारखान्यात लिफ्ट बंद पडली तरी तो एवढंच म्हणतो.

अप्पांनी मात्र घास खाली ठेवला. "तयारी कोण घेणार तुझी?"

मला ठसकाच लागला. माझ्या नोकरीबद्दल अप्पांनी आयुष्यात दोनच वाक्यं उच्चारली होती. एक लग्न ठरताना, "कॉम्प्युटर म्हणजे टायपिंगच ना?" आणि दुसरं रेवाच्या बारशाला, "नोकरी काय, पुन्हा मिळते. मूल पुन्हा लहान होत नाही." आता तेच अप्पा सांगत होते, "मी शेकडो मुलाखती घेतल्यात. निवड मंडळावर होतो. उमेदवाराच्या पायातल्या चपलेवरून माणूस ओळखायचो."

"लॅपटॉपवर चप्पल दिसत नाही, अप्पा."

"म्हणूनच तयारी जास्त लागेल," ते म्हणाले.

पुढे कधीतरी गुंजाळ काकांशी बोलताना अप्पांच्या तोंडून निसटलं की त्या मुलाखतींतले निकाल बरेचदा वरून ठरूनच यायचे. "पण प्रश्न आम्ही मनापासून विचारायचो," अप्पा म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवा असेल, असं समजून मी गप्प बसले. सकाळी रेवा शाळेत गेली की मी अभ्यास करायची. नऊ वर्षांत माझ्या मागे सगळं बदललं होतं. मला येणाऱ्या कॉम्प्युटरच्या दोन भाषा आता कुणी वापरत नव्हतं, आणि मुलाखतीत विचारतात त्या कोड्यांचा मात्र एक वेगळाच धंदा उभा राहिला होता. विशीतली पोरं व्हिडिओत हसत हसत सांगायची, "हे तर तुम्हाला माहीतच असेल." मला माहीत नसायचं. मी थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघायची. दुपारी चारला मंडळ जमायचं.

मंडळाला समजावून सांगणं ही माझी शिक्षा होती आणि तोच माझा अभ्यासही होता.

"हे झाड," मी कागदावर काढून दाखवायची. "हे मूळ. याच्या दोन फांद्या, प्रत्येक फांदीला पुन्हा दोन."

"मूळ वर आणि पानं खाली?" सौदागर बाई चष्मा सरकवायच्या. "कुणी लावलंय हे?"

"कॉम्प्युटरमध्ये असंच असतं, बाई."

"असू दे. पण मुलाखतीत चित्र काढायची वेळ आली तर सरळ काढ. उगाच समोरच्याला वाटायचं, हिला झाडही येत नाही."

गुंजाळ काकांना झाडाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं एकच, "स्माइल, हेमांगी, स्माइल! माल कसाही असू दे. माणूस हसरा असला की सही करतो समोरचा."

"उत्तर चुकलं तरी हसू?"

"तेव्हा तर जास्त!"

अप्पा मात्र गंभीर होते. प्रश्न विचारताना ते कागदावरून वाचायचे. इंग्रजी शब्द एकेक अक्षर चाचपत उच्चारायचे आणि माझं उत्तर संपेपर्यंत माझ्याकडे टक लावून बघायचे. उत्तर कळायचं नाही, पण मी कुठे अडखळले ते त्यांना अचूक कळायचं. "इथे थांबलीस. का? येत नाही की धीर सुटला?" त्यांचं हे विचारणं मला हळूहळू आवडायला लागलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. नऊ वर्षांत या घरात माझं कुणी एवढा वेळ लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

एकच प्रश्न अप्पा कधी विचारायचे नाहीत.

पहिल्यांदा तो गुंजाळ काकांनी काढला. "आता सांगा बघू मॅडम, मधली नऊ वर्षं कुठे होतात?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "हा प्रश्न येणार नाही. पुढचा घ्या."

"अहो, हाच पहिला येणार! आम्ही बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करताना सुद्धा विचारतो, मध्ये हप्ते का चुकले म्हणून."

"गुंजाळ, पुढचा घ्या म्हटलं ना."

दोन-तीनदा असंच झालं. शेवटी मीच म्हटलं, "अप्पा, हे विचारतातच. मैत्रिणीला विचारलं होतं. मला उत्तर तयार ठेवायला हवं."

"याला आमच्यात सेवाखंड म्हणतात," अप्पा म्हणाले. "सेवाखंडाबद्दल उमेदवाराने बोलू नये. ते कार्यालय बघून घेतं." आणि औषधाची वेळ झाली म्हणून ते उठून गेले. औषध ते सकाळी घ्यायचे.

उत्तर मग सौदागर बाईंनी रचलं. त्यांना निबंधाची सवय होती. मी म्हणायचं होतं, "कौटुंबिक जबाबदारीसाठी तो निर्णय मी स्वेच्छेने घेतला, आणि त्या काळात मी वेळेचं नियोजन शिकले."

"स्वेच्छेने?" मी विचारलं.

"मग काय, कंपनीवर रडणार आहेस? रडणाऱ्याला कुणी घेत नाही."

कंपनीवर रडण्यासारखं कारण मात्र माझ्याकडे होतं. मी नाशिकमधल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. काम आवडायचं, आणि वीणा टिपणीस नावाच्या आमच्या वरिष्ठ बाईंना माझं काम आवडायचं. बाळंतपणाच्या रजेवर जाण्यापूर्वी मी त्यांना विचारलं होतं, वर्षभर अर्धा वेळ घरून काम करता येईल का. त्या काळात असं काही विचारणं म्हणजे धाडसच होतं. त्या म्हणाल्या होत्या, "वरती बोलते आणि कळवते." मी धुळ्याला माहेरी गेले, रेवा झाली. त्यांच्याकडून काही कळलं नाही. रजा संपत आली तेव्हा मी बाळाला आईकडे सोडून कंपनीत गेले. वीणा मॅडमची तोवर पुण्याला बदली झाली होती. तिथल्या मुलाने मला बघून आश्चर्याने विचारलं, "तुम्ही येणार नव्हतात ना? मॅडम तसं सांगून गेल्यात."

म्हणजे मी येणार नाही, हे माझ्याआधी त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला इतकं लागलं की मी तिथेच बसून राजीनामा लिहून दिला. वीणा मॅडमना फोनही केला नाही. ज्या बाईला मी देव मानत होते तिला एक फोन करण्याइतकीही माझी किंमत वाटली नाही, हा काटा मी नऊ वर्षं जपला. त्या काट्याच्या जोरावरच तर अभ्यास करत होते.

हैदराबादच्या एका कंपनीचा लेखी पेपर मी सोडवला. पहिली फेरी पार पडली. मंडळाने पेढे वाटायचं ठरवलं, ते मी थांबवलं. शेवटची फेरी शुक्रवारी सकाळी अकराला होती.

त्या दिवशी अप्पा सकाळीच आंघोळ करून सफारी सूट घालून तयार झाले. निवृत्तीच्या समारंभानंतर तो सूट मी पहिल्यांदा पाहिला. पोटावर बटण लागत नव्हतं.

"तुम्ही का तयार झालात?"

"मंडळाची मुलाखत असली की मंडळ तयार असतं," ते म्हणाले.

तिघांना मी हॉलमध्ये बसवलं, आवाज करायचा नाही अशी ताकीद दिली आणि बेडरूमचं दार आतून लावून घेतलं.

स्क्रीनवर विघ्नेश नावाचा मुलगा आला. फार तर सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. मागे भिंतीवर सायकल टांगलेली. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते. तो आधी म्हणाला, "मॅडम, मुलाखतीचं रेकॉर्डिंग होतंय. नियम म्हणून सांगतो, खोलीत दुसरं कुणी नको. जरा कॅमेरा फिरवून दाखवाल?"

मी लॅपटॉप उचलून खोली दाखवली. पलंग, कपाट, दार, गॅलरीचा पडदा. "कुणी नाही," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं.

मग त्याने कोडं घातलं. एकाला एक जोडलेल्या कड्यांची साखळी आहे, ती कुठे फिरून स्वतःलाच येऊन मिळते का, हे शोधायचं. मला ते येत होतं. मी लिहीत गेले, लिहिताना बोलत गेले. मंडळाला समजावून सांगायची सवय झाल्यामुळे माझं बोलणं इतकं सोपं झालं होतं की विघ्नेश मध्येच म्हणाला, "फारच स्पष्ट सांगता तुम्ही." त्याने एक अडचण घातली, मी ती सोडवली. दुसरी घातली. तिथे मी थांबले, आणि मला अप्पांचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला, येत नाही की धीर सुटला? येत होतं. तेही सोडवलं.

विघ्नेश खुर्चीत मागे टेकला. मला कळलं, झालं आपलं काम.

"आता एक शेवटचं," तो अगदी सौम्यपणे म्हणाला. "तुमचं काम इतकं चांगलं आहे. मग ही नऊ वर्षांची गॅप कशी?"

मी गुंजाळ काकांचं स्माइल केलं आणि सौदागर बाईंचं उत्तर दिलं. "कौटुंबिक जबाबदारीसाठी तो निर्णय मी स्वेच्छेने घेतला."

तेवढ्यात गॅलरीचा पडदा हलला.

बाहेर अप्पा उभे होते. हॉलमध्ये त्यांचा जीव राहिला नव्हता. मी दार लावून घेताच ते हॉलच्या बाजूने गॅलरीत येऊन स्टुलावर बसले होते, आणि तासभर माझं प्रत्येक उत्तर ऐकत होते. सफारी सूटमध्ये, हात मागे बांधून, ते सरळ कॅमेऱ्यासमोर आले आणि साहेबांपुढे फाइल ठेवावी तशा सरकारी इंग्रजीत बोलायला लागले.

"महोदय, उमेदवाराच्या उत्तरात दुरुस्ती आहे. सदर सेवाखंड स्वेच्छेचा नाही. सदर सेवाखंडास उमेदवार जबाबदार नाही. जबाबदारी माझी आहे."

"अप्पा!" मी म्हटलं.

ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "तुझ्या टिपणीस बाईंचा फोन आला होता. तुझा मोबाइल लागत नव्हता म्हणून घरच्या फोनवर. तू धुळ्याला होतीस. त्या म्हणाल्या, मंजूर झालंय. अर्धा वेळ, घरून. तिला सांगा. मी म्हटलं, आमच्या सुनेला आता नोकरी करायची नाही."

मला पहिल्यांदा शब्द कळले, अर्थ नंतर पोचला.

"मॅडम," स्क्रीनवरून विघ्नेश म्हणत होता. "मॅडम, हे गृहस्थ कोण आहेत? तुम्ही म्हणालात खोलीत कुणी नाही."

"माझे सासरे."

"ते काय सांगताहेत तुम्हाला?" तो गोंधळून गेला होता. चांगला मुलगा होता, पण रेकॉर्डिंग सुरू होतं. "माफ करा, मला विचारावं लागेल. ते तुम्हाला मदत करताहेत का?"

मी अप्पांकडे पाहिलं. सुटाचं बटण तुटून लोंबत होतं. डोळ्यांत पाणी होतं, आणि पाठ मात्र ताठ.

"हो," मी म्हटलं. "पहिल्यांदाच."

विघ्नेशने ते लिहून घेतलं. मला ते दिसलं. मग त्याने आभार मानले, कळवतो म्हणाला आणि स्क्रीन काळी झाली. मी दार उघडलं तर बाहेर गुंजाळ काका पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. "सिलेक्शन?" त्यांनी कुजबुजत विचारलं. सौदागर बाईंनी माझा चेहरा बघितला, अप्पांचा बघितला, आणि काकांना दंडाला धरून खाली घेऊन गेल्या.

घरात आम्ही दोघंच उरलो. अप्पा पलंगाच्या कडेवर बसले. मी उभीच होते.

"काय म्हणाल्या होत्या त्या? नीट सांगा."

"बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, फार हुशार मुलगी आहे, आम्हाला ती हवीय. घरून काम करू दे."

"मग?"

"मला वाटलं, घरून काम करायला लागली तर घरचं काम कोण करणार? तुझ्या सासूबाईंचे गुडघे गेले होते. मूल लहान."

"मला विचारावं, असं नाही वाटलं?"

अप्पांनी लोंबणारं बटण तोडून हातात घेतलं. मग म्हणाले, "विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस ना."

माणूस खोटं बोलत नव्हता.

"नऊ वर्षं बोलला नाहीत, अप्पा. आजच बोलायचं सुचलं? मी जिंकले होते. शेवटचा प्रश्न होता."

"तेच तर," ते म्हणाले. "इतकं चांगलं बोलत होतीस. मला कळत नव्हतं, पण चांगलं आहे हे कळत होतं. आणि मग तू ते ‘स्वेच्छेने’ म्हणालीस. माझ्याच्याने ऐकवलं नाही."

त्यांचा पश्चात्ताप खरा होता, यात मला शंका नाही. पण हिशेब असा होता की माझी पहिली नोकरी ते माझ्याविरुद्ध बोलल्यामुळे गेली आणि दुसरी माझ्या बाजूने बोलल्यामुळे. मध्ये ते गप्प होते तेवढाच काळ मी सुरक्षित होते.

सोमवारी कंपनीचं उत्तर आलं. मुलाखतीदरम्यान उमेदवाराने त्रयस्थ व्यक्तीची मदत घेतल्याचं मान्य केल्याने पुढील दोन वर्षं विचार करता येणार नाही. तुषारने ते वाचलं आणि म्हणाला, "अप्पांनी मदत केली? त्यांना येतं कुठे काय?" त्याला मी सगळं सांगितलं. तो गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिला. परत आल्यावर म्हणाला, "मलाही माहीत नव्हतं गं." हे मला पटलं. त्याला नसणारच माहीत. त्याने तरी कधी विचारलं होतं?

अप्पांशी मी बोलणं टाकलं. ताट वाढायची, औषध ठेवायची, पण शब्द नाही. मंडळ बरखास्त झालं. टेबलावर पुन्हा प्लास्टिक आलं.

त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एकच विषय होता, वीणा मॅडम. मी नऊ वर्षं ज्या बाईला मनातल्या मनात दोष दिला, तिने मला हवं ते मिळवून दिलं होतं. स्वतः फोन केला होता. आणि तिला मात्र वाटत राहिलं असेल की हेमांगीने साधं स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायची सभ्यताही दाखवली नाही. या बाईची माफी मागायलाच हवी होती. जुन्या सहकाऱ्यांकडून नंबर मिळवला. बोलायचं काय, ते मुलाखतीसारखं पाठ केलं.

दुपारी फोन लावला. अप्पा हॉलमध्ये पेपर धरून बसले होते. पान उलटत नव्हते.

"वीणा मॅडम, मी हेमांगी देवरे. नाशिकच्या ऑफिसात होते. नऊ वर्षांपूर्वी."

"हेमांगी..." त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या. "उंच, कुरळ्या केसांची?"

"नाही मॅडम. ती शुभांगी."

"अगं हो, हो. सॉरी हं. बोल."

मी बेडरूममध्ये जाऊन दार लोटलं आणि सगळं सांगितलं. रजा, अर्धा वेळ, फोन, सासरे, गॅलरी, सगळं. सांगताना रडले.

"हेमांगी, मला खरंच हा फोन आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. "तुला वाईट वाटेल, पण तेव्हा ती सवलत मी भांडून मिळवली होती, आणि रजेवर गेलेल्या तुम्हा पाच-सहा जणींना लागोपाठ फोन केले होते. कुणाच्या नवऱ्याने घेतला, कुणाच्या सासूने. एकीच्या तर सख्ख्या आईने. सगळ्यांकडून एकच उत्तर आलं, तिला आता करायचं नाही."

"सगळ्यांकडून?"

"एकजात. मग वरच्यांनी मला विचारलं, कुणालाच नको होती तर एवढी भांडलीस कशाला? सवलत बंद केली, आणि मला पुण्याला पाठवलं. मी इतकी चिडले होते तुमच्यावर! म्हटलं, या पोरींनाच नोकरी नकोय, आपण काय करणार?" त्या हसल्या, पण ते हसू नव्हतं. "मला एकदाही असं वाटलं नाही बघ, की फोन मुलीच्याच हातात द्या म्हणावं."

नोकरी मला त्यांच्यामुळेच मिळाली. नाशिकमध्ये शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर करणारी एक लहानशी कंपनी त्यांच्या ओळखीची होती. तिथे मी मुलाखतीला गेले तेव्हा झाड, साखळी, सगळं पुन्हा घोकून गेले होते. मालकांनी विचारलं, "वीणाताईंनी पाठवलंय ना? सोमवारपासून येता?" एवढीच मुलाखत. मंडळाची सगळी मेहनत वाया गेली म्हणून गुंजाळ काकांना फार वाईट वाटलं. आज मी तिथे बारा जणांचं काम बघते. अप्पा रेवाला शाळेतून आणायचे, तिच्या मागे लागून अभ्यास घ्यायचे, आणि माझा एकही फोन कधी उचलायचे नाहीत. वाजून वाजून बंद पडला तरी नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी वीणा मॅडमचा फोन ठेवून मी हॉलमध्ये आले, तेव्हा अप्पांनी पेपर बाजूला केला. आठवडाभरात मी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. दाढी वाढली होती.

"काय म्हणाल्या बाई?" त्यांनी विचारलं.

खरं ते सांगणं सोपं होतं. त्यांना काही आठवत नाही. तुम्ही एकटे नव्हतात, सगळ्या घरांतून हेच झालं. दोन वाक्यांत अप्पांचा अर्धा भार उतरला असता. सगळ्यांनी केलं म्हटलं की माणसाला आपण केलेलं लहान वाटतं.

"त्यांना सगळं आठवतंय," मी म्हटलं. "तुमचा आवाजसुद्धा."

अप्पांनी मान हलवली. "आठवणारच," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी ते जेवले नाहीत. पोट ठीक नाही म्हणाले. मी मात्र भाकरी गरम गरम तव्यावरून घेतली, ठेच्याबरोबर, आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.